नव्या वाद्याच्या जुन्या तारा

बेस गिटार नव्याने घेणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच एक सल्ला मिळतो : ‘कारखान्यातून आलेल्या तारा आधी काढून टाक.’ चाळिशी ओलांडल्यावर मी हे वाद्य हाती घेतले तेव्हा मलाही तो मिळाला. तो निराधार नव्हे. वाद्य घडल्यापासून आपल्या घरी येईपर्यंत त्याचे कित्येक महिने गोदामात आणि दुकानात गेलेले असू शकतात. आपल्याकडच्या दमट हवेत पोलादी तारेला तेवढा काळ पुरतो. दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यांचा घाम आणि मळ तारेच्या वेटोळ्यांत साचतो, आणि तिचा वरचा, लखलखीत नाद आधी मरतो.

तरीही मी वर्षभर तारा बदलल्या नाहीत. त्यात काटकसर होतीच; बेसच्या चार तारांचा संच साध्या गिटारच्या सहा तारांहून कितीतरी महाग पडतो. पण खरी अडचण वेगळी होती. बदलायच्या म्हणजे कोणत्या घालायच्या? गोल वेटोळ्यांच्या की सपाट? जाड की बारीक? या प्रश्नांची उत्तरे कानाने द्यायची असतात, आणि नवशिक्याचा कान अजून घडायचा असतो.

या बाबतीत दोन थोर वादकांची उदाहरणे परस्परविरोधी आहेत. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांमागे ज्याचा बेस आहे तो जेम्स जेमरसन (1936–1983) सपाट वेटोळ्यांच्या जाड तारा वापरी आणि त्या तुटेपर्यंत बदलत नसे, अशी त्याची ख्याती आहे. उलट ‘द हू’च्या जॉन एन्टविसलला पियानोसारखा खणखणीत नाद हवा होता, त्यासाठी 1966 साली रोटोसाउंड या इंग्लिश कंपनीबरोबर काम करून त्याने गोल वेटोळ्यांच्या तारा घडवून घेतल्या. एकाला तारेचे जुनेपण हवे, दुसऱ्याला नवेपण. दोघेही बरोबर, कारण आपल्याला काय ऐकायचे आहे हे दोघांनाही ठाऊक होते.

मात्र यावरून ‘जेमरसनने बदलल्या नाहीत, मग मी कशाला बदलू’ असे म्हणणे पळवाटच ठरेल. बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे 41 कंपनांवर लागते. घरी सरावासाठी घेतलेल्या छोट्या स्पीकरमधून हा मूळ स्वर जेमतेमच बाहेर पडतो. आपला कान त्याच्या उपस्वरांवरून तो ओळखतो. तार मेली की नेमके हे उपस्वर जातात. मग खालचे स्वर एकमेकांत मिसळून नुसती घरघर उरते, आणि बिचारा शिकाऊ स्वतःच्या कानाला दोष देतो. दोष तारेचा असताना ‘मला सूरच कळत नाही’ असे मनात धरून कुणी वाद्य कोपऱ्यात ठेवले, तर ते नुकसान संचाच्या किमतीहून फार मोठे आहे.

म्हणून सरसकट नियमापेक्षा परीक्षा बरी. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तिथेच तार दाबून निघणारा स्वर जुळतात का, ते पाहावे. घोडी पुढे-मागे सरकवूनही जुळत नसतील, गंज बोटांना लागत असेल किंवा खालचे स्वर वेगळे ओळखूच येत नसतील, तर तारा त्याच दिवशी बदलाव्यात. पण त्याच जाडीच्या घालाव्यात. जाडी बदलली की ताण बदलतो, त्याबरोबर मानेचा बाकही बदलतो, आणि मग सारेच जुळवून घ्यावे लागते. यातले काहीच नसेल, तर थांबावे.

आपल्याकडे तंबोऱ्याची जव्हारी मिरजेचा कारागीर लावून देतो. नवख्या शिष्याने कानस हाती घ्यावी अशी अपेक्षा कुणी करत नाही. बेसमध्ये हा निर्णय पहिल्याच आठवड्यात शिकणाऱ्याच्या गळ्यात पडतो. एम.ए.च्या पहिल्या वर्षाची मुले कादंबरी वाचण्याआधीच ‘कोणती समीक्षा वाचू?’ असे विचारतात, तेव्हा मला हेच आठवते. समीक्षा वाचायचीच आहे. पण आपल्याला काय खटकले हे कळल्यावर ती अधिक उपयोगी पडते. वर्षानंतर मी तारा बदलल्या तेव्हा जुन्यांमध्ये काय नव्हते ते पहिल्याच स्वरात कळले. पहिल्या आठवड्यात बदलल्या असत्या, तर त्या केवळ नव्या वाटल्या असत्या.