फंक्शनला आठवतं तेव्हा...

सेकंड इयरला मेस सेक्रेटरी झाल्याझाल्या मी जाहीर केलं, "रिबेटचा हिशेब आता कॉम्प्युटर करणार!" पायथॉन नुकतंच शिकलो होतो ना!

फंक्शन साधं होतं. मुलगा जेवायला नसलेल्या तारखा एका यादीत घालायच्या. यादी दिली नाही तर रिकामी धरायची, म्हणून डिफॉल्टला रिकामा चौकोनी कंस. नोव्हेंबरची पहिली सहा बिलं बोर्डावर लागली आणि मेसचे काका वही घेऊन आले. "हा पोरगा रोज दोन्ही वेळा जेवलाय, ह्याला 8 दिवस रिबेट कसला?" मी भर मेसमध्ये म्हणालो, "काका, चूक तुमच्या वहीत असेल. कॉम्प्युटर चुकत नाही." पोरं हसली. काका काही न बोलता आत गेले.

रात्री बाकीची नावं घातली. शेवटच्या मुलाला 30 दिवसांच्या महिन्यात 97 दिवस रिबेट!

शेजारच्या खोलीतल्या सीनियरने कोड बघून कपाळाला हात लावला. डिफॉल्ट यादी दर वेळी नवी बनत नाही म्हणे. 'डेफ'ची ओळ चालते तेव्हा एकदाच बनते, पुढे सगळ्यांना तीच. म्हणजे अख्ख्या मेसला एकच ताट, तेही न विसळता! उपाय दोन ओळींचा : डिफॉल्टला 'नन' ठेवायचं आणि आत आल्यावर नवी यादी करायची.

"पण फंक्शनला आठवतं, हे वाईट नाही," तो म्हणाला. "आपण सांगून आठवायला हवं." त्याने फिबोनाचीचं रिकर्शन लिहिलं. चाळिसावी संख्या काढायला फंक्शन स्वतःला 33 कोटींहून जास्त वेळा बोलावतं. (देवसुद्धा तेवढेच!) मग वर एकच ओळ टाकली, 'अ‍ॅट एलआरयू कॅश'. याला डेकोरेटर म्हणतात : तो आपलं फंक्शन घेतो आणि त्याभोवती गुंडाळलेलं नवं फंक्शन परत देतो. हे नवं फंक्शन आधीची उत्तरं जपून ठेवतं, त्यामुळे हिशेब फक्त 41 वेळा. एंटर दाबताच उत्तर! त्या रात्री झोप कसली येते...

पण सकाळी काकांसमोर जायचं होतं. सगळे नाश्त्याला असतानाच गेलो, म्हटलं मोठ्याने बोललो होतो तर कबूलही मोठ्यानेच करू. "काका, वही बरोबर होती. चुकलो मी."

त्यांनी वही उघडली, बोट सहाव्या नावावर ठेवलं. ते माझंच होतं. 11 दिवस रिबेट, गेलो होतो फक्त 3 दिवस. ते मात्र मला बोर्डावर खटकलं नव्हतं.

"इथनं सुरू कर," काका म्हणाले.