नुसत्या बोलण्यानं काय होतं?

बलात्कार करणारा माणूस विकृत असतो, चार टवाळ गप्पांवर त्याचं खापर कशाला, असं मी वर्षानुवर्षं ठासून सांगायचो. दैनिकात उपसंपादक होतो. अशी बातमी आली की डेस्कवर कुणीतरी विचारायचंच, ‘एवढ्या रात्री ती तिथं करत काय होती?’ बहुतेक वेळा मीच. बातमीला ‘का’ नको का, असं वर समर्थनही तयार.

मत फिरलं ते मथुरा खटल्याबद्दल सविस्तर वाचताना. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या कोवळ्या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयानं तिला खोटारडी ठरवलं, वर तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचंही नोंदवलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं म्हणत दोघा पोलिसांना शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. तिच्या अंगावर जखमा नाहीत, आणि ती ओरडली हेही न्यायालयाला पटलं नाही. पुढे कायद्याचे प्राध्यापक उपेंद्र बक्षी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं खुलं पत्र, मोर्चे, १९८३ ची कायदादुरुस्ती हे सगळं मला ठाऊक होतं. निकालातली कारणं मात्र कधी नीट वाचली नव्हती. ओरडली कुठे? ओरखडा कुठाय? तसलीच असणार. अहो, हे तर आमचं टपरीवरचं बोलणं!

अश्लील विनोद ऐकून कुणी बलात्कारी होतो, हे मला आजही पटत नाही. गप्पांतून घडतात ते आजूबाजूचे: तक्रार लिहून घेणारा हवालदार, ‘मिटवून टाका’ म्हणणारा मामा, तपासणारा डॉक्टर. मुलीला शरीरसंबंधांची सवय आहे का हे बघणारी ‘टू फिंगर टेस्ट’ करणं गैरवर्तन मानलं जाईल, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्येही बजावावं लागलं. शिवाय तक्रारच न करणारी मुलगी. टीव्हीवरची बातमी बघत जेवताना बाबा काय बोलले, ते तिनं ऐकलेलं असतं.

हल्ली नवी पोरं मथळे दाखवायला आणतात. ‘एकतर्फी प्रेमातून हल्ला’ दिसलं की मी खोडतो आणि लिहितो, ‘नकारानंतर पाठलाग करून हल्ला’. पाठलाग २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला प्रेम कशाला म्हणायचं? पोरं कुरकुरतात, सर, दोन कॉलमांत बसत नाही. मग तीन कॉलम घ्या.