मार्चअखेरची बाकी

निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहास्तव दिल्लीत वास्तव्यास आल्यापासून कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदनात अधूनमधून जावे, चार मराठी माणसांत बसावे, असा माझा परिपाठ आहे. परंतु एका फेब्रुवारीत मी तेथे गेलो तो माझे मेहुणे अण्णा यांचा अर्ज लिहून काढण्यासाठी. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले अण्णा सातारा जिल्ह्यातले; औषधोपचारासाठी नोएडात मुलाकडे येऊन राहिलेले.

अण्णांची मूत्रपिंडे निकामी झाली असून त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिस घ्यावे लागते. डाव्या मनगटाच्या वर, जेथे शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर एकत्र जोडली आहे, तेथे बोट टेकले असता त्वचेखाली रक्ताची थरथर स्पष्ट जाणवते. आणि एखादी खेप लांबली की अंगात पाणी साठून पायांत वहाण चढत नाही. अशा माणसाला एका खाजगी रुग्णालयाच्या खिडकीवर सांगण्यात आले, की ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची मागील बिले थकलेली असल्याने कॅशलेस उपचार तूर्त बंद आहेत, आधी रोख अनामत भरावी. योजनेच्या पॉलिक्लिनिकचे रेफरल आणि कार्ड काचेखालून परत घेऊन ते बाहेर आले आणि मला फोनवर एवढेच म्हणाले, "दाजी, कार्ड खरं हाय, पर त्याच्यावर पैसा न्हाई म्हणत्यात."

माजी सैनिकांसाठीची ही अंशदायी आरोग्य योजना 1 एप्रिल 2003 पासून अमलात आली. तत्पूर्वी निवृत्त जवानाला लष्करी रुग्णालयात खाट रिकामी असेल तरच आसरा मिळे, आणि खेड्यातल्या माणसाला तर तेवढाही नसे. त्या दृष्टीने पॉलिक्लिनिकांचे देशभर विणलेले जाळे ही फार मोठी गोष्ट आहे, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. परंतु दरसाल सुमारे साठ हजार सैनिक, बहुतेक ऐन चाळिशीच्या आसपास, निवृत्त होतात, पत्नी, मुले व अवलंबून असलेले आईवडील यांसह या योजनेत दाखल होतात आणि पुढे तीस-चाळीस वर्षे तिच्या आधाराने जगतात. म्हणजे तिचा खर्च वाढणार, हे भाकीत करण्यास कोणा ज्योतिष्याची आवश्यकता नव्हती.

माझी उभी हयात हिशेबाच्या दफ्तरात गेली असल्याने आकड्यांकडे माझी दृष्टी आपोआप वळते. 2022-23 च्या अंदाजपत्रकात या योजनेसाठी सुमारे 3,582 कोटी रुपयांची तरतूद होती. 2023-24 मध्ये ती 5,431 कोटी, 2024-25 मध्ये 6,968 कोटी आणि 2025-26 मध्ये 8,317 कोटी झाली. ही वाढ थोडी नव्हे, आणि ती ज्यांनी मंजूर केली त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. मात्र 2023-24 ची मूळ तरतूद त्याच वर्षीच्या सुधारित अंदाजात सुमारे 70 टक्क्यांनी वाढवावी लागली होती, म्हणजे ती नऊ हजार कोटींच्या पलीकडे गेली होती. असे असता पुढील वर्षाचा प्रारंभ त्याहून कमी रकमेवर व्हावा, यातच दुखण्याचे मूळ आहे. रुग्णालयाचे बिल ऑनलाइन येते, ठरीव दरांनी तपासले जाते, मंजूरही होते. परंतु मंजूर बिल म्हणजे अदा झालेले बिल नव्हे. खात्यात शिल्लक नसेल तर ते तसेच पडून राहते, मार्च उलटला की नव्या वर्षाच्या माथी बसते, आणि एप्रिलमध्ये आलेल्या रकमेचा मोठा वाटा गतवर्षाची देणी भागविण्यात गेल्यावर थंडीच्या दिवसांत पुन्हा तोच खडखडाट होतो. रुग्णालयाने तगादा लावावा तो सरकारकडे. प्रत्यक्षात तो येऊन आदळतो खिडकीशी उभ्या असलेल्या आजारी माणसावर.

मला सर्वांत खटकते ते हे, की निवृत्तिवेतनाच्या बाबतीत असे घडत नाही. तरतूद कमी पडली तर पुरवणी मागणी येते, परंतु महिनाअखेरी पैसे खात्यात जमा होतात. कारण ते कमावलेले देणे आहे, असे सर्वांनी मानलेले आहे. औषधोपचारही तसाच कमावलेला आहे, आणि योजनेत शिरताना अण्णांनी आपल्या हुद्द्याप्रमाणे वर्गणीही भरलेली आहे.

सदनाच्या उपाहारगृहात बसून मी अर्जाचा मसुदा केला. ज्या संरक्षण खात्याच्या नावे तो होता, त्याच्या कचेऱ्यांचे 2021 साली उद्घाटन झालेले नवे संकुल सदनाच्याच मार्गावर आहे. प्रारंभीची तरतूद गतवर्षीच्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी नसावी, थकबाकीसाठी स्वतंत्र रक्कम द्यावी, आणि डायलिसिस व कर्करोग यांच्या रुग्णांचे उपचार बिलांच्या वादापायी थांबवू नयेत, अशी तीन कलमे मी लिहिली. अण्णांची अनामत तोवर त्यांच्या मुलाने भरली होती. मसुदा ऐकून झाल्यावर अण्णांनी कागद आपल्याकडे ओढला आणि बोट ठेवून म्हणाले, "ह्यात आमच्या पलटणीतल्या जवानांच्या बायकांचं लिवा. नवरा गेलाय, पोरगं मजुरीला. त्यांनी अनामत कुठनं आणायची?" ते चौथे कलम मी सर्वांच्या वर घातले.