कुडलच्या वाटेवरील कवठ

महाशिवरात्र जवळ आली कीं सोलापूरच्या मंडईंत कवठांचे ढीग दिसूं लागतात, आणि घरोघर गूळ घालून त्यांची चटणी होते. परंतु ज्या झाडाचें हें फळ, तें आपल्यापैकीं कितीजणांनीं न्याहाळून पाहिलें असेल? आम्हींही तें नीट पाहिलें तें गेल्या माघांत, हत्तरसंग कुडलास जातांना. भीमा-सीनेच्या संगमावरील तेथल्या देवळांत तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी लेख आहे. तो मुलांस दाखवावा, एवढाच आमचा हेतु होता.

गांव थोडें अलीकडे असतां उसाच्या फडाच्या बांधावर तें झाड उभें दिसलें. उंची सुमारें तीस फूट. साल खडबडीत व भेगाळलेली. फांद्यांवर सरळ, तीक्ष्ण कांटे. पान संयुक्त, पांच-सात पर्णिकांचें. एक पर्णिका चुरगाळतांच बडिशेपेसारखा वास सुटला. ती उजेडासमोर धरली तेव्हां बारीक तैलबिंदु दिसले. लिंबाच्या आणि बेलाच्या पानांतही हीच खूण सांपडते, कारण तिन्ही झाडें एकाच कुळांतलीं आहेत.

कवठीचें मूळ घर भारत आणि लंका येथील सखल, कोरडें रान. चार महिने पाऊस आणि पुढें लांबलचक उन्हाळा, हें हवामान तिला मानवतें. पश्चिम हिमालयाच्या बाजूस ती सुमारें ४५० मीटर उंचीपर्यंतच चढते. आमचें सोलापूरही जवळजवळ तितक्याच उंचीवर आहे.

कोरेया या पोर्तुगीज शास्त्रज्ञानें इ. स. १८०० मध्यें या झाडास ‘फेरोनिया एलिफंटम’ असें हत्तीवरून नांव दिलें; हल्लीं त्यास ‘लिमोनिया ॲसिडिसिमा’, म्हणजे अत्यंत आंबट, असें म्हणतात. आम्हांस जुनेंच नांव अधिक आवडतें. एवढें लाकडासारखें कवच फोडणें पांखरांचें काम नव्हे. हत्ती मात्र आख्खें फळ गिळतो, आणि बिया दूर नेऊन टाकतो. हत्तीच्या पोटांतून कवठ बाहेरून अभंग पण आंतून पोकळ होऊन पडतें, अशा समजुतीवर आपल्याकडे ‘गजभुक्तकपित्थ’ हा न्यायही रूढ झाला. गणपतीच्या ध्यानांत जांभळासह कपित्थ यावें, यांत नवल तें काय! तिकडे ब्रह्मदेशांत स्त्रिया याच्या सालीचें गंध उगाळून गालांस लावतात.

आम्ही असे झाडाभोंवतीं घुटमळत असतां शेताचे तरुण मालक आले. “काका, बघून घ्या, चैत्रात तोडणार हाय,” ते म्हणाले.

“कां हो? फळें तर भरपूर दिसतात.”

“फळाला ईचारतंय कोण? शिवरात्रीपुरतं. सावलीखालच्या दोन सऱ्या पिवळ्या पडतात.”

त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. इ. स. १९८० मध्यें उजनी धरण पुरें झाल्यापासून जिल्ह्यांत ऊस पसरला, आणि ज्वारीच्या बांधावर जें झाड कोणाला नडत नसे, तें आतां नडूं लागलें. पण बीं लावल्यापासून कवठीला फळ धरण्यास पंधरा वर्षें तरी लागतात. हें आम्हीं सांगितल्यावर ते हंसले, “तवर आमी काय खावं?” यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

इतक्यांत त्यांच्या मातोश्री पदर सांवरीत आल्या. लग्न होऊन त्या या घरीं आल्या तेव्हांही हें झाड असेंच होतें म्हणे. मुलाकडे न पाहतां त्यांनीं एक कवठ वीतभर उंचीवरून दगडावर सोडलें. तें उसळलें. “कच्चं हाय, बाळा,” त्या आमच्या धाकट्यास म्हणाल्या. दुसरें पडलें तें जागींच राहिलें. अशीं चार निवडून त्यांनीं आमच्या पिशवींत घातलीं, पंधरा दिवस उन्हांत ठेवण्यास बजावलें, आणि पैसे घेतले नाहींत. मालक कांहीं न बोलतां उसांत शिरले.

या साऱ्यांत उशीर होऊन आम्ही देवळांत पोहोंचलों तों अंधार पडला होता. लेखाचीं अक्षरें लागेनात. चैत्र लागण्यापूर्वीं पुन्हां त्याच वाटेनें जाण्याचें आम्हीं ठरविलें आहे.