दोन ओळंबे

राहू, ता. दौंड

चि. ताई,

खिडकी नसलेल्या खोलीत हातातला चेंडू सोडला आणि तो खाली पडला, तर ती खोली पृथ्वीवर आहे की अवकाशात वेग वाढवत चाललेल्या यानात, हे कसं ओळखायचं, असं तू विचारलंस. वजनकाट्यावर उभी राहिलीस तरी कळणार नाही. १९०७ साली बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी करताना आइनस्टाइनला सुचलं, की पडणाऱ्या माणसाला पडताना स्वतःचं वजन जाणवतच नाही. पुढचा सगळा विचार त्यातूनच निघाला.

बरीच पुस्तकं इथेच थांबतात, ते मला पटत नाही. गवंड्याचे दोन ओळंबे घे. सरळ रेषेत वेग वाढवणाऱ्या यानात दोन्ही दोऱ्या समांतर राहतील. पृथ्वीवर मात्र दोन्ही पृथ्वीच्या मध्याकडे ओढल्या जातात. आपल्या राहू बेटात एक किलोमीटर अंतरावरच्या दोन विहिरींत वीस-वीस मीटरचे ओळंबे सोडले, तर त्यांची खालची टोकं वरच्यापेक्षा सुमारे तीन मिलिमीटर जवळ येतील. तीन मीटरच्या खोलीत हा फरक केसाच्या जाडीहून कितीतरी लहान, पण असतो.

म्हणून माझ्या मते गुरुत्वाकर्षणाची खरी खूण म्हणजे ओढीतला जागोजागचा फरक. चंद्राच्या ओढीत अख्खी पृथ्वीच पडत असते, त्यामुळे ती ओढ आपल्याला जाणवत नाही. पण चंद्राकडच्या बाजूला ती जरा जास्त आणि पलीकडे जरा कमी असते. तेवढ्यावर अलिबागचा समुद्र दिवसातून दोनदा चढतो-उतरतो आणि ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं!

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारी लायगो-इंडिया प्रयोगशाळा असाच फरक मोजणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनातल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांत आरसे टांगलेले असतील. गुरुत्वीय लहर, म्हणजे ओढीतल्या अशा फरकाची पसरत जाणारी लहर, आली, की एक भुजा किंचित लांबते तेव्हा दुसरी आखडते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी टिपलेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही लहान होता.

या कामातली माणसं पुण्यातच, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत आहेत. एखादं व्याख्यान असेल तेव्हा जरूर जा. त्याआधी विहिरींचं गणित स्वतः कर. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धर आणि उत्तर मला कळव.

तुझा,
मामा