शाळेचं हस्तलिखित

आठवीत माझं अक्षर वळणदार निघालं आणि मी शाळेच्या कामाचा झालो.

बीड जिल्ह्यातलं तालुक्याच्या गावचं हायस्कूल. मी बोर्डिंगात राहायचो. वर्गात तशी बरोबरी होती. हजेरीपटावर नाव होतं, पेपरात लिहिलं तेवढे मार्क मास्तरला द्यावेच लागत. जात कळायची ती घंटा वाजल्यावर. स्नेहसंमेलन, वक्तृत्व, नाटक, स्काऊट. तिथं हजेरीपट नव्हता. तिथं 'निवड' होती. नाटकात राजा कोण अन् भालदार कोण, हे तालमीच्या आधीच ठरलेलं. स्काऊटचा खाकी ड्रेस, शिट्टी, रुमाल घरून आणायचा. बोर्डिंगच्या पोरानं कुठून आणायचा? आम्ही आपोआप गळायचो. कुणी हाकललं असं म्हणायचीही सोय नव्हती. कबड्डीत मात्र आम्हाला आवर्जून घेत. तिथं शाळेला ढाल जिंकायची असे.

१९७३ साली मी नववीत गेलो. मराठीच्या सरांनी बोलावलं.

"अक्षर छान आहे रे तुझं. यंदाचं हस्तलिखित तू लिही."

मला वाटलं, आपण लेखक झालो. छपाईला पैसा नाही म्हणून शाळेच्या मासिकाची वर्षाला एकच प्रत निघायची, हातानं लिहिलेली. पोरं लेख, कविता देत. संपादक मंडळ निवड करी. मग एकजण बसून सगळं उतरून काढी. संमेलनात पाहुण्याच्या हस्ते प्रकाशन होई.

मीही एक लेख दिला. 'माझी माय खडी फोडते'. १९७२ चा दुष्काळ अंगावरून नुकताच गेला होता. माय सडकेच्या कामावर होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मीही तिच्याजवळ बसून खडी फोडली होती. कामावर मिळणारी सुकडी, मिलोची तांबडी भाकर, मायच्या बोटांना बांधलेल्या चिंध्या, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, की दुष्काळानं सगळ्या जातीच्या बाया एका रांगेत बसवल्या, पण पाण्याचे रांजण दोनच्या दोनच राहिले.

सरांनी लेख वाचला. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लेख वाईट नाही. पण संमेलन हा आनंदाचा सोहळा. तिथं हे रडगाणं कशाला? आणि भाषा अशुद्ध आहे."

माझ्या लेखाच्या जागी वसंत ऋतूवरचा निबंध आला. तो मीच उतरून काढला. कोकिळा, मोहर, मंद वारा. त्या साली वसंतात आमच्या विहिरीत थेंब नव्हता. दिवाळीपासून रोज रात्री बोर्डिंगच्या कंदिलाखाली बसून चौसष्ट पानं लिहिली. मथळे लाल शाईनं, मजकूर काळ्या. शेवटच्या पानावर संपादक मंडळाची पाच नावं लिहिली. माझं त्यात नव्हतं. विचारलं तर म्हणाले, "जागा उरली नाही रे." पान मीच लिहिलं होतं. खाली चार बोटं जागा होती.

संमेलनात पाहुणे म्हणाले, "काय मोत्यासारखं अक्षर!" टाळ्या पडल्या. संपादकांनी वाकून नमस्कार केला. मी मागं सतरंज्या गोळा करायला उभा होतो.

सुट्टीत मायला सांगितलं. ती हसली.

"लेकरा, कामावर बी असंच असतंय. मस्टरवर नाव एकाचं, घण दुसऱ्याच्या हातात. म्हनून कुनी घण टाकून देतंय व्हय?"

मी टाकला नाही. पुढं शिकायला औरंगाबादला मिलिंदमध्ये गेलो. हे कॉलेज बाबासाहेबांनी १९५० साली काढलेलं. तिथं ऐकलं, की १९५५ साली इथल्या पोरांनी म. भि. चिटणीसांचं 'युगयात्रा' बसवलं होतं आणि ते पाहायला स्वतः बाबासाहेब बसले होते. आपलं दुःख स्टेजवर, आणि पाहुणा त्याला रडगाणं म्हणत नाही. ते ऐकून मला नववीतले सर आठवले. पुढं आमच्या सायक्लोस्टाइल अंकासाठी मी स्टेन्सिल कोरायला बसलो, तेव्हा पहिला कोरला तो मायचा लेख. खाली माझं नाव.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण खोटं झालं असतं.

१९८४ ला मी मास्तर झालो. हस्तलिखिताचं काम माझ्याकडंच आलं. एका वर्षी दसऱ्याच्या आधी ऊसतोडीवाल्याच्या पोरीनं कागद आणून दिला. फडातली कोपी, पहाटेची थंडी, धाकट्या भावाला सांभाळणं. ओळीओळीला चुका. मी लाल शाईनं लिहिलं, 'पुढच्या वर्षी शुद्ध लिहून दे.' माझं अक्षर तेव्हाही वळणदारच होतं.

चारसहा दिवसांत ती आईबापासोबत तोडीला गेली. पुढल्या वर्षी तिचं नाव पटावर नव्हतं. आमचं संमेलन जानेवारीत. तोडीची पोरं तेव्हा उसाच्या फडात. सतरंज्या उचलायलासुद्धा ती तिथं नसतात. हे मला शिक्षक असून इतकी वर्षं दिसलं नव्हतं.

तो कागद माझ्या पेटीत आहे. तिच्या गावाला मी दोनदा जाऊन आलो, भेट झाली नाही. पुन्हा जाणार आहे. ती हो म्हणाली तर आपल्या पुढच्या अंकात लेख येईल. तिच्या चुकांसकट. माझी लाल शाई वगळून.