हळदीपुढची मोकळी जागा

मंडळी, गेला आठवडा हिच्या पाककृतींत गेला. २००७ साली गंगापूर रोडच्या घरी हिने मोठ्या हौसेने मराठी टायपिंग शिकून शंभरएक पाककृती संगणकावर लिहिल्या होत्या. ती गेल्यावर फाईल तशीच पडून होती. नात पुण्याहून आली (ती संगणकातलीच) आणि म्हणाली, "आबा, याचं पुस्तक करू. घरच्यांना वाटू."

साहित्याची सूची काढली तर 'मोहरी' दोनदा. मला दोन्ही सारख्याच दिसत होत्या. तिने दाखवलं, एका 'मोहरी'च्या शेवटी एक रिकामी जागा होती. यंत्राच्या लेखी तीही एक अक्षरच, म्हणून शब्द वेगळा. यावर पायथॉनमध्ये 'स्ट्रिप' आहे, जावास्क्रिप्टमध्ये 'ट्रिम'. ही फक्त दोन्ही कडांची जागा कापतात, मधलीला हात लावत नाहीत. मला पटलं. 'घरा समोर' लिहिणाऱ्यांच्या वह्यांत लाल शाईने जागा बुजवण्यात माझा जन्म गेला! (मोडीत तर शब्दांमध्ये जागाच सोडत नसत. असो.)

पण पोरीने उत्साहात आणखी दोन ओळी लिहिल्या. मधल्या सलग जागांची एकच करायची, आणि न दिसणारी चिन्हं सगळी उडवायची. छापील पानं हातात आली तर 'पुऱ्या'च्या झाल्या 'पुर्या', 'भाकऱ्या'च्या 'भाकर्या'. आणि मसालेभाताखाली हिने लिहिलेलं 'लग्नातल्या आचाऱ्यांना विचारून', त्याचं झालं 'आचार्यांना विचारून'! हिला सांगितलं असतं तर तासभर हसली असती.

कारण असं निघालं. ऱ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडात आहे, पण हिच्या टायपिंगमध्ये र, हलन्त आणि पुढे रुंदीच नसलेलं एक जोडचिन्ह अशाने तो आडवा र उमटत असे. साधा ट्रिम त्या चिन्हाला रिकामी जागा मानत नाही. नातीच्या शेवटच्या ओळीने ते उडवलं, आणि आचाऱ्याचा आचार्य झाला.

मूळ फाईल जपलेली होती, त्यामुळे हे लगेच सुधारलं. पण कैरीच्या लोणच्यात छापलं होतं, 'हळद चमचे, मोहरीची डाळ वाटी'. मूळ फाईल उघडली. 'हळद' आणि 'चमचे' यांच्यामध्ये सात-आठ रिकाम्या जागा होत्या. हिने मुद्दाम सोडलेल्या. लोणचं ती अंदाजाने घालायची. "यंदा कैऱ्या आल्या की मोजते आणि भरते," असं दरवर्षी म्हणायची.

नात कावरीबावरी झाली. "मला वाटलं, बोट दाबलेलं राहिलं असेल." मी तरी तिला काय म्हणणार? इतकी वर्षं फाईल घरात होती, मी कुठे उघडून बघितली होती?

अशा अकरा जागा निघाल्या. त्या आता होत्या तेवढ्याच रुंद ठेवल्या आहेत. लोणचं घालताना जी कोणी हिच्या शेजारी बसली असेल, माई असो की इंदूरच्या वहिनी, त्यांनी हळदीचे चमचे आठवून कळवावेत. पेन्सिलीने भरीन.